रंगनाथआप्पांनी पारखलेला क्लास

ये गं, अशी जवळ बस. खिडकीपाशी नको, इथं माझ्या समोर. आल्यापासून बघून राह्यलेय मी, ती चार क्लासची चार रंगीत पत्रकं घेऊन घरभर हिंडतेस. ताटापाशी पत्रक, उशाशी पत्रक. ह्याला विचार, त्याला फोन लाव. अन् मी एवढी समोर बसलेली म्हातारी, मला मात्र विचारायचं नाही. का, तर मावशी शाळेत गेली नाही. अगं, शाळेत नाही गेले, लिहायवाचायला माझी मीच शिकले, पण कॉम्प्युटरचा क्लास कसा निवडतात ते ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या रंगनाथआप्पांनी निवडला होता. ठेव ते कागद खाली आणि ऐक.

रंगनाथआप्पा माणसाच्या तोंडाकडे बघायचे ते दात बघायला. सगळा जन्म बैलबाजारात गेलेला, दलालीत, तिथं बैलाचं वय दातांवरून ओळखतात. त्यामुळे नवा माणूस भेटला, रामराम झाला, की नजर ओठांवर. समोरचा हसला की ह्यांचं काम झालं. "पन्नाशी गाठली की तुम्ही," म्हणायचे, अन् बराबर निघायचं. आमच्या घरी नवे जावई आल्ते, ते बिचारे आप्पा समोर असेपर्यंत ओठ मिटून हसायचे.

जुन्या जालन्यात त्यांच्या अन् आमच्या घराला मधली भिंत एकच. त्यामुळे आप्पांचं बोलणं मला घरबसल्या ऐकू यायचं. त्यातलं निम्मं एकच वाक्य असायचं. "गुण दिसतेतच. खोड सांगा आधी."

प्रेशर कुकर घ्यायला गेले, दुकानदाराला तेच. डॉक्टरनं गोळी लिहून दिली, डॉक्टरला तेच. एकदा नगरपालिकेचे उमेदवार हात जोडून ओट्यापाशी आले, नळ आणतो, नाली बांधतो, सांगून राह्यले. आप्पा म्हणाले, "ते समदं कागदावर छापलंय. खोड सांगा." उमेदवार हसले. आप्पा म्हणाले, "हसू नका, दात दिसले."

पण बाई, हे नुसतं वेड नव्हतं. बाजारात त्यांचं नाव होतं ते ह्याच्यावरच. बैल मारका असला, लाथ झाडत असला, तर दावं हातात देण्याआधी आप्पा स्वतः सांगायचे. सौदा मोडला तरी चालेल. एखाद्याला ते बिनखोडीचा म्हणाले, की शेतकरी डोळे मिटून बैल न्यायचा. म्हणायचे मात्र फार क्वचित.

बायको लौकर गेली. एकच मुलगा, मॅटाडोर चालवायचा. तो रस्त्यावर अपघातात गेला. मागं राहिली सून संगीता, अन् तिची लहानगी चिमी. संगीता जाफराबादकडची, शेतकऱ्याची लेक, बारावी झालेली. चार लोक म्हणाले, तिला माहेरी धाडा. आप्पा म्हणाले, "हे तिचंच घर हाय. मी उपरा असंल तर मी जातो." झालं, तो विषय तिथंच मिटला.

सासरा-सुनेचं बोलणं मात्र कधी समोरासमोर नाही. तो जुना रिवाज. घरात तिसरं माणूस काय ते चिमी. सगळा संसार तिच्या तोंडून चालायचा. "चिमे, आईला म्हणा पाणी तापलं का." "चिमे, आप्पांना सांग, तापलं." दोघं चार हातांवर उभे, आवाज दोघांनाही बराबर ऐकू येतो, तरी चिमीनं सांगितल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पोर झोपली की आप्पा भिंतीवर टकटक करायचे. "अक्का, जरा तिला सांगा, मी बाहेर चाललो."

संगीता बियाण्याच्या एका कंपनीत गोदामात कामाला होती. बी निवडायचं, पिशव्यांत भरायचं. बियाण्याला औषध लावलेलं असतं ना, गुलाबी, त्यानं तिचे हात मनगटापर्यंत गुलाबी झालेले. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. पोरीला त्या हातानं भरवायला भ्यायची. स्वतःसुद्धा चमच्यानं भात खायची, अन् भाकरी थापायची ती हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. अन् हंगाम संपला की ते कामही बंद, घरी बसा.

अक्षर चांगलं म्हणून तिथल्या साहेबांनी तिला कधीमधी हिशोबाच्या टेबलावर बसवलं. एक दिवस म्हणाले, "औरंगाबादच्या ऑफिसात जागा होणार आहे. कायमची. कॉम्प्युटरवर हिशोब करायचं शीक, परीक्षेचा कागद आण, दिवाळीनंतर तुझं नाव घालतो." नाहीतर आहे तेच गोदाम. कळलं ना, पोरीचं काय लागलं होतं पणाला? गुलाबी हात की पांढरे, एवढंच.

तिनं चिमीला सांगितलं, चिमीनं आप्पांना सांगितलं. आप्पांनी डोक्याला पटका गुंडाळला अन् म्हणाले, "आईला म्हणा, घाई करू नको. मी बघून येतो."

तेव्हा क्लास तीन होते. पहिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आप्पा जाऊन बसले. मास्तर सांगून राह्यला, हे शिकवतो, ते शिकवतो. आप्पा वाकून टेबलाखालच्या वायरी बघून राह्यले. तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवसांत लाईट जायची ती अर्धा दिवस. यंत्रं सगळी काळी झाली, पोरं वह्या मिटून गप्पा मारायला लागली. मास्तर म्हणाला, "येईल आत्ता." आप्पा उठले. "बशा हाय," म्हणाले. बशा म्हणजे जू मानेवर असताना भर शेतात बसकण मारणारा बैल. मास्तरला काही कळलं नाही ते बरंच झालं.

दुसरा पत्रानं शिकायचा. पुस्तकं टपालानं येणार, घरी वाचायची, उत्तरं टपालानं धाडायची. आप्पांनी मला पत्र लिहायला बसवलं. लिहा, म्हणाले, वाचताना अडलं तर सांगणार कोण? लिहिलं. महिना उलटून गेला तेव्हा उत्तर आलं. उघडलं तर तेच माहितीचं पुस्तक पुन्हा, आधी आलेलं. आप्पा म्हणाले, "ह्येला हाक मारली तर महिन्यानं मान वळवतो. अन् ती बी दुसऱ्याच अंगाला."

तिसरा नेटवरचा. नदीपलीकडं नव्या जालन्यात एक सायबर कॅफे निघाला होता. तिथं तास धरून बसायचं. धडे नेटवर, गणितं सोडवून नेटवरच धाडायची, सकाळी तपासून आलेली असायची. आप्पा मला घेऊन गेले, का, तर पाटी वाचायला माणूस पाहिजे. कॅफेवाला तिशीतला, बोलायला नम्र. आप्पांनी विचारलं, "लाईट गेली तं?" तो म्हणाला, जनरेटर आहे. "चालवून दाखवा." त्यानं बिचाऱ्यानं भर उजेडात जनरेटर चालू केला. सगळ्या गल्लीत धूर. आप्पा कान देऊन ऐकत उभे राहिले, बैल धापा टाकतो का बघावं तसं.

मंग म्हणाले, "मास्तर कुठं हायेत?"

"बंगळूरला."

"म्हंजे बैल हितं, अन् धनी बंगळूरला. मंग चाबूक कुणाच्या हातात?"

कॅफेवाल्यानं जनरेटर बंद केला. म्हणाला, "शिकणाऱ्याच्याच हातात, आप्पा. ज्याला स्वतःला हाकता येतं त्याचाच हा क्लास."

 आप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, सौदा मनात भरल्याशिवाय ते पटका काढायचे नाहीत.

"हितून शिकून गेलेलं एखादं माणूस दाखवा," म्हणाले. बाजारात नाही का, आधीच्या गिऱ्हाइकाकडं जाऊन विचारतात, बैल कसा निघाला. कॅफेवाला म्हणाला, परतूरची एक मुलगी होती, आता पुण्याला मोठ्या ऑफिसात आहे. तिची आई असते परतूरला, शेवंताबाई नावाची. माझी नणंद परतूरलाच, मला जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रेल्वेत बसलो.

शेवंताबाईंचं घर कापसाच्या बाजारामागं. स्वच्छ, सारवलेलं. मिक्सर, पंखा, भिंतीवर मुलीचा फोटो. फोनवर विणलेला रुमाल घातलेला, अन् फोनच्या शेजारी एक खुर्ची. बाई त्याच खुर्चीत बसल्या. चहा झाला. मुलीचं कौतुक झालं. सगळं ऐकून घेऊन आप्पा म्हणाले, "गुण कळले, बाई. आता खोड सांगा."

शेवंताबाई आधी हसल्या. मंग हसायच्या थांबल्या.

"खोड म्हंजे... पोरगी सोन्यावानी हाय, आप्पा. फोन करती, इच्यारपूस करती. दिवाळीला आल्ती. पन पावणी आल्यावानी आल्ती. आंथरुणाची घडी आपली आपन घालती, भाजी कशी झाली त्येचं कौतुक करती. लेक कधी आईच्या भाजीचं कौतुक करती का? नावं ठेवती ती लेक. तिसऱ्या दिशी म्हनली, आई, तिकडं काम पडून राह्यलं. मी म्हनलं, जा बाई. त्ये शिकल्यालं मानूस हितं मावत न्हाई आता, येवडीच खोड."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही जायचं की पुण्याला."

"गेल्ते ना. खिडकीतनं रस्ता बघत बसले. रस्ता बी वळखीचा न्हाई." मंग आप्पांना म्हणाल्या, "तुमची कोन हाय, जिच्यासाठी इच्यारून राह्यले?"

"सून."

"अन् लेक?"

"न्हाई राह्यला."

"घरात अजून कोन?"

"नात हाय, लहान."

"मंग ती बी जाईल की तिच्यासंगं."

"हाव," आप्पा म्हणाले. "जाईल."

बशीतला चहा तसाच. शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "मंग जवळचा एखादा क्लास बघा की, आप्पा. मुद्दाम जाऊन हाच काहून धरून राह्यले?"

आप्पा फोटोकडे बघत होते. म्हणाले, "पोरीचे हात कसे हायेत आता?"

"हाताला काय धाड भरली? पांढरे फटक. नखं रंगवती."

"न्हाई, सहज इच्यारलं," म्हणाले आप्पा, अन् गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

परत येताना जालना आलं तशी म्हणाले, "अक्का, तुम्ही रिक्षा करा. माझं जरा काम हाय."

अन् दुसऱ्या दिवसापासून काय झालं म्हणतेस! आप्पा ओट्यावर बसले अन् त्यांनी त्या नेटच्या क्लासची अशी काही अब्रू काढायला सुरुवात केली की विचारू नको. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगायचे. "पडद्यातला मास्तर! उद्या पडद्यातलं पाणी प्या म्हणतील." "त्येच्यापरीस आपला बशा बरा, निदान हितं बसतो तरी." भाजीवालीला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, मशिदीपलीकडच्या शिंप्याला जाऊन सांगितलं. आठवडाभर तोंडाला दुसरा विषय नाही.

गल्लीनं काय अर्थ काढायचा तो काढला. "म्हाताऱ्याला सून सोडवत नाही. भाकर कोण थापील?" कुणी तर आप्पांच्या तोंडावरच म्हटलं, "आप्पा, सुनेला दावणीलाच बांधून ठेवा." आप्पांनी त्याचे दात बघितले अन् मान फिरवली. अन् खरं सांगते, परतूर पाहून आलेली मी, मलासुद्धा तसंच वाटायला लागलं होतं. शेवंताबाईची खुर्ची माझ्याही डोळ्यापुढून हलत नव्हती.

एक दिवस संध्याकाळी संगीता माझ्याकडं आली. पदराखाली हात झाकून बसली.

"काकू, मी गल्लीतलाच क्लास घेते."

"अगं, पण त्याचा कागद तुझ्या साहेबांना चालतो का?"

"नाही चालत. पण आप्पांच्या मनात नाही ना तो दुसरा. रोज ऐकून राह्यले मी. त्यांचं मन मोडून कुठं जाऊ? उद्या साहेबांना सांगते, जागा दुसऱ्या कुणाला द्या." मंग म्हणाली, "गोदाम काही वाईट नाही, काकू. सवय झालीय." अन् डोळे पुसायला हात वर नेला, तो मध्येच थांबवला. औषधाचा हात डोळ्याला लावत नाहीत ना. कोपरानं डोळे पुसले तिनं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला म्हटलं, चल माझ्यासंगं. ती गेली मागच्या दारानं चुलीपाशी, मी गेले पुढच्या दारानं. आप्पा अंबाडीचं दावं वळत बसले होते. बाजार सुटला होता, पण हाताला काम लागायचं.

"आप्पा, लोक काय बोलून राह्यले ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय."

"खरं आहे का ते? सून जाऊ नये म्हणून त्या क्लासला नावं ठेवून राह्यले का तुम्ही?"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बैलाला म्हैस म्हटलं.

"अक्का, तुमचे मालक अडतीवर मुनीम व्हते. अन् तुम्ही असं इच्यारता? इसार देऊन आलो की मी. परतूरहून आलो त्याच दिशी."

इसार म्हणजे सौद्याचा विसार गं, आगाऊ पैसे. एकदा दिला की सौदा पक्का. मी खालीच बसले.

"मंग ही आठवडाभर बोंब कशाला?"

"काहून म्हंजे? तिथं यंत्रं चारच हायेत. संध्याकाळचा वखत पोरीला सोईचा, अन् वखत ठरायचा सोमवारी. आपण चांगलं चांगलं म्हणत बसलो, अन् दुसऱ्या कुणी येऊन त्यो वखत धरला म्हंजे? जनावर दावणीला येईस्तवर त्येला नावंच ठेवायची असत्यात. बाजारात लेकरालाबी कळतं."

"अहो पण आप्पा, तुमची सून काय बाजारात वाढली का? तुम्ही ओट्यावर बसून ओरडता, ती आत भाकरी थापताना ऐकते. तिला वाटलं तुम्हाला नको आहे. ती उद्या साहेबांना नाही म्हणणार आहे!"

आप्पांच्या हातातलं दावं सुटलं. वळलेला पीळ त्यांच्या मांडीवर आपोआप उलगडत गेला, अन् ते नुसते बघत राहिले. सगळ्या बाजाराला ज्यांनी कधी फसवलं नाही, त्यांनी घरच्याच माणसाला फसवलं होतं, तेही तिच्यासाठीच.

"चिमे," त्यांनी हाक मारली. चिमी नव्हती. ती आमच्या अंगणात खेळत होती. मी म्हटलं, "मी सांगू का तिला?" ते म्हणाले, "नका."

उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले, तोंड भिंतीकडं करून.

"संगीता."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. आत भाकरीची थाप थांबली.

"त्यो नेटवरचाच क्लास तुझा हाय. इसार दिलाय. सोमवारपासून जायचं. चिमीला मी सांभाळतो. मी भायेर जे बोलतो ते बाजारचं बोलणं. ते मनावर घ्यायचं न्हाई."

 मंग ती दाराआडूनच म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, "पण आप्पा, तुम्ही परतूरला जाऊन आलात. खोड काय निघाली?"

मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता हे सांगणार. ह्यांना न सांगून चालायचंच नाही. आपल्या बैलाचा पाय सुजलाय हे गिऱ्हाइकाला हाक मारून सांगणारा माणूस.

आप्पांनी दाराच्या चौकटीला हात लावला.

"काई न्हाई," म्हणाले. "बिनखोडीचा हाय. बिलकुल."

अन् माझ्याकडं न बघता बाहेर आले, खाली बसले, अन् दावं पुन्हा वळायला लागले. पीळ उलटा पडत होता. मी सांगितलं नाही.

ती शिकली गं. चाबूक स्वतःच्या हातात धरूनच शिकली. संध्याकाळी गोदामातून थेट कॅफेत, अन् आप्पा चिमीला खांद्यावर घेऊन तिला न्यायला नदीपलीकडं. दिवाळीनंतर तिचं नाव लागलं. निघताना तिनं पदर सावरून चिमीशिवाय सरळ म्हटलं, "आप्पा, चला तुम्हीबी." आप्पा म्हणाले, "मी तिथं कुणाचे दात बघू? जा. जल्दी कर, गाडी सुटंल." ती पाया पडली तेव्हा तिच्या हातांकडं बघत होते. रंग उतरत आला होता, नखांच्या कडेला तेवढा राह्यलेला.

ह्याला आता चार-सहा वर्षं झाली. ती येते, फोन करते, वाईट कुठं काही नाही. चिमीचं मराठी आता शहरी झालंय. आल्या आल्या आप्पांना म्हणते, "आजोबा, तुमची भाकरी किती छान झालीय." आप्पा खाली बघून हसतात.

हो, भाकरी आप्पाच थापतात आता. म्हातारपणी शिकले, मीच भिंतीपलीकडून सांगून सांगून शिकवल्या. बाकी सगळं जमलं त्यांना, जाळ जमला, पाणी जमलं. पण एका माणसापुरतं पीठ किती घ्यावं, ते काही हाताला कळत नाही. रोज तिघांच्या भाकरी होतात. मंग फडक्यात गुंडाळून अंगणातल्या ठेंगण्या भिंतीवरून मला देतात. "अक्का, आज जरा जास्तीच्या झाल्या," म्हणतात. रोज म्हणतात. मी रोज म्हणते, "असू द्या, लागतातच मला." माझे दात पडले, मला आता अर्धी जात नाही. गल्लीतल्या गायीला घालते, त्यांना दिसणार नाही अशी.

उद्या तुझी गाडी आहे. क्लास कोणता घ्यायचा तो घे बाई, तू शहाणी आहेस. पण लौकर ये परत. अन् येशील तेव्हा घरून जेवून येऊ नको. वाटेतही काही खाऊ नको. उपाशी ये.